खऱ्यातलं लागेल तेवढंच

वकीलबाईंकडे नवा अशील आला, की पहिलं काम पेनाला टोपण लावायचं. वही मिटायची, फोन ड्रॉवरमध्ये टाकायचा, दाराला आतून कडी घालायची आणि मग म्हणायचं, "हं, आता सगळं सांगा. घडलं तसं. मी काही लिहून घेत नाही."

त्यांचे अशील म्हणजे सगळे डॉक्टर, नाहीतर हॉस्पिटलं. कुणाच्या पोटात कापसाचा बोळा राहिला, कुणाला शेजारच्या खाटेवरच्याचं इंजेक्शन गेलं, कुणाचा डावा गुडघा सोडून उजवा उघडला. मग नातेवाईक चिडतात, तक्रार होते, चौकशी बसते. आणि एरवी पेशंटशी दोन शब्द बोलायला महाग असलेली ही मंडळी वकीलबाईंसमोर घडाघडा बोलायला लागतात. पहिल्या दिवशी माणूस खरं बोलतो, असा बाईंचा अनुभव होता. दुसऱ्या दिवसापासून तो शहाणा होतो. म्हणून पहिला दिवस त्यांना बिनकागदाचा लागायचा. कागद केला की तो आज ना उद्या कुणाच्या तरी हाताला लागतोच, आणि नेमका नको त्याच्या.

भूलवाले डॉक्टर आले ते ऑफिसं सुटायच्या वेळेला. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारा डॉक्टर म्हणजे बिचारा कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस. आभार मानायचे ते सर्जनचे, याचा चेहरासुद्धा पेशंटला नंतर आठवत नाही. हे उंच, पडलेल्या खांद्यांचे, नखं अगदी मुळाशी कापलेली. खुर्चीत टेकले आणि रडायलाच लागले. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. रडणारे पुरुष त्यांना काही नवे नव्हते.

"मी आवाज बंद केला होता," डॉक्टर म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पेशंट एक तरणाताठा पोरगा. शिडीवरून पडून खांद्याजवळचं हाड मोडलेलं, ते जोडून आत पट्टी बसवायची. साधं काम. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेला चिमटा सारखा निसटत होता, आणि निसटला की मॉनिटरचा अलार्म केकाटायचा. पोरगा ठणठणीत आणि यंत्राची बोंब! सर्जनच्या कपाळाला आठी पडली, तशी डॉक्टरांनी अलार्मचा आवाज बंद केला. दोन मिनिटांनी चालू करू म्हणाले मनाशी, आणि विसरले. पोराचं डोकं, मान, सगळं हिरव्या कापडाखाली. त्या कापडाखाली श्वासाची नळी सुटली ती कुणाला दिसली नाही, आणि ओरडून सांगणारा जो होता त्याचं तोंड ह्यांनीच बांधून ठेवलेलं. लक्षात आलं तेव्हा ओठ निळे पडले होते. नळी जोडली, छाती दाबली, करायचं ते सगळं केलं. पोरगा काही शुद्धीवर आला नाही. काही दिवस तसाच राहिला आणि गेला.

"हे कुणाकुणाला बोललात?" बाईंनी विचारलं.

"कुणालाच नाही. तिथं सगळ्यांना म्हणालो, श्वासनळी अचानक आवळली. कसं तोंडातून निघून गेलं..."

"यंत्रात नोंद होते का, आवाज बंद केल्याची?"

"नाही. जुनं यंत्र आहे."

"मग आता हे इथंच राहू द्या."

डॉक्टरांनी मान वर केली. "पण मला तिला सांगायचंय हो. त्याच्या बहिणीला. आईबाप नाहीत, तिनंच वाढवलाय त्याला. बाहेर बाकावर बसली होती, त्याचे बूट मांडीवर घेऊन. मला म्हणाली, झालं का हो? एकदा जाऊन सांगू द्या मला, चूक माझी होती म्हणून. मग व्हायचं ते होऊ दे."

"काय व्हायचं ते मी सांगते ना. लायसन्स जाईल, घर जाईल, मुलीचं शिक्षण थांबेल. आणि एवढं करून तो काही परत येणार नाही." बाई हे सगळ्यांना सांगायच्या. पण डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या पुढं म्हणाल्या, "केस संपू द्या. एकदा संपली, की मी स्वतः तुम्हाला तिच्या दारात घेऊन जाते. तेव्हा पोटभर सांगा. माझा शब्द."

असा शब्द त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता. द्यायला नको होता असं त्यांना त्याच संध्याकाळी घरी जाताना वाटलं. पण दिला तो दिला.

आता बाई अशिलाला खोटं बोलायला शिकवत असतील असं तुमच्या मनात आलं असेल, तर ते काढून टाका. खोटं बोलणारा माणूस उलटतपासणीत कच्च्या मडक्यासारखा फुटतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं वेगळं. "खोटं अजिबात बोलायचं नाही. खऱ्यातलं लागेल तेवढंच बोलायचं." आणि ते लागेल तेवढं कापून, घासून, धार काढून द्यायला त्यांच्यासारखं कुणी नाही. डॉक्टरांसाठी त्यांनी जे वाक्य तयार केलं ते असं: "भूल देण्याआधी मी अलार्म तपासला होता आणि तो चालू होता."

शब्द न् शब्द खरा. आधी तपासला होता, चालू होता. नंतरचं कुणी विचारलं तर बघू.

पहिल्यांदा डॉक्टरांना ते म्हणवेना. 'चालू' म्हटलं की गळा दाटायचा. बाई खुर्च्या समोरासमोर मांडायच्या, स्वतः विरुद्ध बाजूचा वकील व्हायच्या, फेऱ्या मारत मारत एकदम वळून विचारायच्या, "अलार्म चालू होता का?" आणि डॉक्टर खाली बघायचे. "खाली बघू नका. माझ्या कपाळाकडं बघा. परत." हॉस्पिटलची चौकशी झाली, मग डॉक्टरांच्या मंडळाची, मग कोर्ट. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य, आणि प्रत्येक तारखेआधी बाईंच्या ऑफिसात तालीम. डॉक्टर गाडीत म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे. त्यांच्या बायकोनं एकदा फोन करून तक्रार केली, "अहो, हे आंघोळीला गेले की आतून अलार्म, अलार्म ऐकू येतं. पाणी अंगावर घेतात की यंत्र तपासतात?" बाई खूप हसल्या होत्या तेव्हा.

हळूहळू डॉक्टरांचा गळा दाटेनासा झाला. मग ते कपाळाऐवजी सरळ डोळ्यांत बघायला लागले. एकदा तर आपणहून पुढं जोडून गेले, "मी नेहमीच तपासतो. माझी सवयच आहे ती." बाईंनी टेबलावर थाप मारली. "वा! हे राहू दे." आपला माणूस तयार झाला, एवढंच त्यांना दिसलं. दुसरं काही तयार होतंय हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

राहिली बहीण. तिला कोर्टात सगळे ताई म्हणायचे. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. निम्म्या गावाला क्लच आणि ब्रेक हिनंच शिकवलेला, त्यामुळं कोर्टातले शिपाईसुद्धा तिला बघून बिचकायचे. तिच्याच स्कूलची पाटी लावायला भाऊ शिडीवर चढला होता. पडल्यावर म्हणत होता, जुळेल गं हाड आपोआप, कशाला कापाकापी? हिनंच मागं लागून ऑपरेशन करवलं. आणि तक्रारीत तिनं भोळेपणानं लिहून दिलं होतं, की माझा भाऊ अगदी धडधाकट होता, मागच्या आठवड्यात जरा सर्दी झाली होती तेवढीच, बाकी डोकंसुद्धा कधी दुखलं नाही त्याचं.

'सर्दी' वाचताच वकीलबाई खुर्चीत सरळ बसल्या. सर्दी झालेल्या माणसाची श्वासनळी भुलीत आवळू शकते. असं कुठलाही तज्ज्ञ येऊन सांगेल, आणि तेही खरंच असेल. शकते म्हणजे शकते.

"ताई," कोर्टात त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "भरती करताना सिस्टरनं विचारलं होतं का, सर्दी-खोकला आहे का म्हणून?"

"हो."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"नाही म्हणाले. म्हणजे, बरी झाली होती हो. शिंकतसुद्धा नव्हता."

"बरी झाली होती हे ठरवलं कुणी?"

ताई बोलायला गेली आणि थांबली. कठड्यावरचा हात तिनं मागं घेतला. गाडी शिकवताना शेजारच्या सीटवरून एका फटक्यात ब्रेक दाबणारी ती बाई, पण तिथं तिला काही दाबायला सापडेना. "मीच," ती म्हणाली. आणि त्यानंतर तिच्या वकिलानं काही विचारलं तरी तिचं लक्ष नव्हतं. ती आपली तिथंच होती, त्या प्रश्नापाशी.

डॉक्टरांची पाळी आली तेव्हा बाईंचा जीव टांगणीला लागला होता. ताईचा वकील म्हातारा, दमलेला, पण एकेकाळचा खमक्या. "अलार्म चालू होता का?" त्यानं विचारलं.

"भूल देण्याआधी मी अलार्म तपासला होता आणि तो चालू होता. मी नेहमीच तपासतो."

आता हा विचारणार, आणि नंतर? एक शब्द. एवढाच शब्द विचारला असता तर सगळं मुसळ केरात होतं. म्हाताऱ्यानं चष्म्यावरून डॉक्टरांकडं बघितलं, मान हलवली आणि पान उलटलं. बाईंच्या जिवात जीव आला. बाटलीतलं पाणी पिऊन त्यांनी समोर बघितलं तर ताई स्वतःच्या तळहाताकडं बघत होती.

केस जिंकली. निकालात सर्दी होती, माहिती दडवल्याचं होतं, डॉक्टरांनी योग्य ती खबरदारी घेतल्याचं होतं.

घरी सासूबाईंनी चहा ठेवला. सासूबाईंना नावं-गावं काही सांगायची नाहीत हा घरातला नियम, पण म्हातारी वस्ताद. सुनेच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखायची.

"जिंकलीस वाटतं. मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"दमलेय."

"तो मुलगा गेला कशानं गं शेवटी?"

"सांगता येत नाही, आई."

"माहीत नाही, की सांगता येत नाही?"

बाईंनी कप तोंडाला लावला. अशिलाचं गुपित म्हणजे गुपित, मेल्यावरसुद्धा. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एक चकार शब्द कधी बाहेर गेला नव्हता, त्यावरच तर त्यांचं दुकान चालायचं. सासूबाई म्हणाल्या, "बरं बाई, नको सांगूस. पण त्या बहिणीला तरी कुणीतरी सांगा," आणि आत निघून गेल्या.

अपिलाची मुदत टळली, ताईनं अपील केलं नाही. मग मात्र वकीलबाईंना दिलेला शब्द टोचायला लागला. डॉक्टरांचं ओझं उतरेल, त्या बाईला कळेल की तिच्या हातून काही झालेलं नाही, आणि आपणही, म्हणजे आपलंही एकदाचं सुटेल. उशीर झाला होता, पण उशिरा का होईना. त्यांनी डॉक्टरांना फोन केला.

"तुम्हाला ताईंकडं जायचं होतं ना? आता जाता येईल. आता कुणी तुमच्या केसालाही धक्का लावू शकत नाही."

"हो, हो. जाऊ या की," डॉक्टर म्हणाले. "जायलाच हवं. माणुसकी आहे."

गाडीत डॉक्टर फार बोलले नाहीत. मनाची तयारी करत असतील, म्हणून बाईही गप्प राहिल्या. ताई ड्रायव्हिंग स्कूलच्याच वर राहायची. खाली लाल अक्षरांची पाटी होती, एका बाजूला किंचित कललेली. ती तशीच ठेवली होती.

दार उघडल्या उघडल्या ताईनं विचारलं, "सर्दीबिर्दी नाही ना कुणाला?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

"नाही, आपलं विचारते. आता सगळ्यांनाच विचारते. शिकायला येणारी पोरं हसतात मला, म्हणतात ताई, गाडीला सर्दी होते का?" ती स्वतःही हसली, पण वाळली होती, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. खोली नीटनेटकी होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर पुरुषी बुटांचा जोड पॉलिश करून ठेवलेला होता. तिनं दोघांना कोचावर बसवलं, पाणी आणलं, आणि स्वतः समोर खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"डॉक्टर, तुम्ही आलात हे बरं झालं," ती म्हणाली. "मला तुम्हाला एकच विचारायचं होतं. कोर्टात विचारता आलं नाही. मी सर्दीचं सांगितलं असतं, तर वाचला असता का हो तो?"

आता, बाईंना वाटलं. आता सांगतील.

डॉक्टर पुढं वाकले. त्यांनी ताईचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं पाणी.

"ताई, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका," ते म्हणाले. "तुम्ही काही मुद्दाम लपवलं नाहीत. साध्या माणसाला काय कल्पना असणार? आम्हाला आधी कळलं असतं तर ऑपरेशन पुढं ढकललं असतं, एवढंच. माझ्याकडून मी सगळं केलं हो. अलार्म मी स्वतः तपासला होता, चालू होता तो. पण काही गोष्टी आपल्या हातात नसतात. माझ्या मनात तुमच्याबद्दल काडीचाही राग नाही. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय, तेच सांगायला आलो."

ताईला हुंदका फुटला. पदरात तोंड घालून ती इतकी रडली, की डॉक्टर उठून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "तुम्ही फार मोठ्या मनाचे," ती मध्येच म्हणाली. "माझ्यामुळं तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागल्या." आणि कोचावर वकीलबाई बसल्या होत्या, मूग गिळून. ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड उघडेना, इतक्या वर्षांची सवय.

खाली गाडीपाशी आल्यावर डॉक्टरांनी मोठा सुस्कारा टाकला. "फार बरं केलंत मला आणलंत. केवढं ओझं घेऊन बसली होती बिचारी!"

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी माझ्याकडं येऊन तुम्ही काय सांगितलं होतं?"

"काय?"

"आवाज बंद केला होता म्हणून. आणि विसरलात म्हणून."

डॉक्टर समजुतीनं हसले. "अहो बाई, त्या दिवशी मी माणसात होतो का? समोर तरुण पोरगा गेलेला. धक्क्यात माणूस नाही नाही ते स्वतःवर ओढून घेतो. नंतर शांतपणे विचार केल्यावर सगळं लख्ख आठवलं मला. अलार्म चालू होता. किती वेळा सांगितलंय मी हे, तुमच्यासमोर!"

माणूस खोटं बोलतोय की खरं, हे ओळखण्यावर बाईंचं पोट होतं. त्यांनी डॉक्टरांचे डोळे बघितले, हात बघितले, मानेची शीर बघितली. खोट कुठं नव्हती. जे घडलं ते ह्या माणसाच्या डोक्यातून धुऊन गेलं होतं, आणि धुतलं होतं त्यांनीच, त्या दोन खुर्च्या मांडून, तारखेमागून तारखेला. आता अख्ख्या जगात ते एकाच ठिकाणी उरलं होतं. टोपण लावलेल्या पेनाच्या मागं बसलेल्या बाईच्या डोक्यात. कागद नाही, साक्षीदार नाही, आणि ज्यानं केलं त्यालाही ठाऊक नाही.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "माझा चष्मा वर राहिला."

चष्मा पर्समध्येच होता. त्या जिना चढायला लागल्या. कळलं तर त्यांची सनद जाणार होती, आणि जाऊ दे, त्या स्वतःला म्हणत होत्या, गेली तर जाऊ दे.

"चष्मा राहिला का? थांबा हं, बघते," ताई म्हणाली आणि रडून लाल झालेल्या डोळ्यांनी लगेच गुडघ्यांवर बसून कोचाखाली हात घालायला लागली.

"ताई, तो सर्दीनं गेला नाही," वकीलबाई तिच्या पाठीकडं बघत म्हणाल्या. "अलार्म बंद होता. डॉक्टरांनी स्वतः बंद केला होता आणि विसरले. नळी सुटली ते कुणाला ऐकू आलं नाही. तुमची काही चूक नव्हती. तुम्ही सगळं बरोबर केलंत."

ताईचा हात कोचाखाली तसाच राहिला. मग ती जमिनीवरच बसली.

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर. त्यांनीच सांगितलं होतं मला, पहिल्या दिवशी."

"लिहिलंय कुठं?"

"नाही."

"आणखी कुणी ऐकलंय?"

"नाही. मी एकटीनंच."

"मग आत्ता माझा हात धरून काय म्हणाले ते? ढळढळीत खोटं बोलत होते?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. इथं तरी खोटं बोलायला हवं होतं त्यांनी, पण नाही जमलं. "खोटं नाही बोलत ते. त्यांना आता तसंच आठवतं."

ताईनं त्यांच्याकडं टक लावून बघितलं. "वकीलबाई, तुम्ही काय बोलताय ते तुमचं तुम्हाला तरी कळतंय का?"

"मी खरं सांगतेय. देवाशपथ खरं सांगतेय, ताई. ती सर्दी मी काढली. मला केस जिंकायची होती म्हणून काढली."

"म्हणजे तुमचं तेव्हाचं खोटं होतं, आणि आजचं खरं?"

"तेव्हाचंही खोटं नव्हतं. पण..." बोलण्यावर ज्यांचा संसार चालला, त्यांची बोलती बंद झाली.

ताई उठली, जवळ आली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला माझी दया आली, होय ना?" ती हळूच म्हणाली. "मी रडले ते बघवलं नाही तुम्हाला. मन चांगलं आहे तुमचं. पण असं नका करू. त्या कोर्टात तुम्ही मला विचारलंत, ठरवलं कुणी, तेव्हापासून मी एकच गोष्ट मागत होते, कुणीतरी मला माफ करावं. आज त्यांनी केलं. आता तुम्ही येऊन म्हणताय माफीच खोटी. मग मी कुठं जाऊ? तुम्ही वकील माणसं, तुम्हाला जे पटवायचं ते पटवता. मला एकदा पटलंय ते पटलेलं राहू द्या."

"ताई, ऐका तरी..."

"नको." तिनं डोळे पुसले आणि परत वाकून कोचामागं बघितलं, उशी उचलून बघितली, बुटांच्या स्टुलाखालीसुद्धा बघितलं. "नाही हो दिसत. डबीत होता का? सापडला की मीच आणून देते तुमच्या ऑफिसात. चष्म्याशिवाय माणसाचं फार अडतं."

वकीलबाईंनी पर्स छातीशी धरली होती. त्यांना रडू आवरत नव्हतं. दारापर्यंत ताई सोडायला आली, आणि त्यांचा तो घोगरा आवाज, लाल नाक बघून एकदम थबकली.

"सर्दी झालीय का तुम्हाला?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"नक्की ना? नीट आठवून सांगा." ताईनं त्यांचं मनगट धरलं होतं. "नाही म्हणून टाकायचं नसतं असं. नीट आठवून सांगा."